पाणवठ्याला फासलेलं काळं

भिमाबाई जोगदंड आली ती बसलीच नाही. छबुबाईंनी पुढे केलेली खुर्ची तिनं पायानं बाजूला सारली. गहिनीनाथनं दिलेलं पाणी मात्र तांब्या वर करून घटाघटा प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली,

"बसायला आले न्हाई मी. माझ्या लेकाला धरून नेलाय. तळपायावर मारलाय. मास्तर हाय त्यो, गावची पोरं शिकवतो. तुमी खरं हुडकून काढता म्हणं. मग काढा."

परळी स्टेशनच्या रस्त्याला, एका भुसार दुकानाच्या माडीवर छबुबाईंचं ऑफिस होतं. पूर्वी त्या पोलिसात जमादार होत्या. एका तपासात "इथंच थांबा" असा वरून निरोप आला. त्या थांबल्या नाहीत, म्हणून नोकरी थांबली. तेव्हापासून खासगी तपासाची कामं करत. गहिनीनाथ सानप हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर त्यांची जीप चालवायचा. बिचाऱ्याला दिसायचं सगळं, ऐकूही सगळं यायचं. त्याची जुळणी तेवढी डोक्यात होत नसे.

"मावशी, सुरुवातीपासून सांगा," छबुबाई म्हणाल्या.

म्हातारीनं उभ्या उभ्याच सांगितलं.

सत्याऐंशीचा उन्हाळा. पावसानं सलग दगा दिलेला. सिंदफणाकाठच्या राजेपिंपळला नदीत नुसती वाळू उरली होती. गावचा अन्नदाता सहकारी साखर कारखाना ऊस नाही म्हणून दिवाळीपासून बंद होता. आवारात जनावरांची छावणी पडली होती. अशा दिवसांत चेअरमन अर्जुनरावांनी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये 'ग्रामजीवन संग्रहालय' काढलं होतं. त्यासाठी हैदराबादच्या एका नवाबाच्या वारसांकडून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र आणलं होतं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांचं.

"प्यायला पानी न्हाई, अन् पान्याचं चितार आनलं!" भिमाबाई म्हणाली. "उद्घाटनाला मंतरी येनार. त्याच्या आधी गावाला दाखवलं. मी गेले बघायला. अन् बघते तर काय, ती आमची हीर!"

"कशावरून तुमची?"

"चितारातल्या कमानीच्या दगडावर वेसकराची घुंगुरकाठी कोरल्याली हाय, गावाची येस राखायच्या आमच्या मानाची खूण. माझ्या आजेसासऱ्याच्या बापानं अन् त्याच्या भावकीनं आमच्या वतनाच्या रानात खणली ती हीर. आता तिच्यावर कारखान्याचं पंपघर हाय, अन् दाराला कुलूप. पंपघर बांधताना त्यो दगड छिनीनं तासून टाकला यांनी. म्हणत्यात, हीर चेअरमनच्या आज्यानं, पाटलानं बांधली. माजलगावच्या कोर्टात दावा हाय आमचा. पर पुरावा कुठून आनायचा?" तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्या चितारात आमच्या बाया कशा उब्या हायती, ठावं हाय? ताठ. वरून कुणी वंजळीत वतलेलं पानी न्हाई ते. आपल्या हातानं वढल्यालं."

"हे तुम्ही कुणाला बोललात?"

"तिथल्या पुण्याच्या बाईला. ती लई हरकली. म्हनली, आजी, तुमी लई मोलाचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रातला नेमका तोच दगड काळा झालेला होता. डांबर फासलं म्हणून पोलिसांनी भिमाबाईच्या मुलाला, आश्रुबाला, उचललं. आदल्या दिवशी चित्राखालची पाटी वाचून तो भरसभेत ओरडला होता, "असल्या पाटीला डांबर फासलं पाहिजे!" आणि डांबराचा डबा त्याच्याच शाळेमागं सापडला होता.

"तुम्ही दगड ओळखलात, हे त्याला माहीत होतं?"

"कवा सांगनार? सभेतनं त्यो तणतणत परभारे शेजारच्या गावी गेला. सकाळी आला तो पोलिसाच्याच हाती लागला."

छबुबाईंनी चपला पायात सरकवल्या. "गहिनीनाथ, गाडी काढा."

*

चित्र मोठं होतं, माणसाच्या पसरलेल्या हातांएवढं. नदीचं वळण, मागे टेकडीवरचा पीर, पुढे विहीर. काठावर चार-पाच बाया. एकीनं रहाटाचा दोर ओढून धरला होता, एक घागर डोक्यावर घेत होती, एकीच्या पायाशी पोर बसलं होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात, विहिरीच्या कमानीवर, काळंकुट्ट फासलेलं होतं. खालच्या पाटीवर लिहिलं होतं : 'रम्य ग्रामजीवन. दानशूर पाटील घराण्याच्या विहिरीवरील एक सकाळ.'

पाटी वाचून गहिनीनाथच्याच कपाळाची शीर उठली. छबुबाई मात्र काळ्याकडे बघत होत्या. ते पोराच्या अंगठ्यापर्यंत आलं होतं आणि अंगठ्याला वळसा घालून पुढे गेलं होतं. दोर ओढणारीच्या लुगड्याच्या काठालाही धक्का लागला नव्हता. खोलीत भट्टीसारखा उकाडा होता, तरी काळ्याचा एक ओघळ खाली आलेला नव्हता.

"बाई, अगदी कारखान्याचा वास येतोय," गहिनीनाथ म्हणाला. "गाळप चालू असलं की येतो तसा."

"हं," छबुबाई म्हणाल्या.

खिडकी उघडी होती. पोलिसांच्या मते आश्रुबा तिथूनच आत आला. कडी शाबूत होती, चौकटीवर पटाशीचा किंवा पहारीचा ओरखडा नव्हता.

पहारेकरी म्हाळू दारातच उकिडवा बसला होता. "म्या बाहीरच्या वट्ट्यावर हुतो. झोप लागली, खोटं कावून बोलू? सांजच्याला दारं-खिडक्या पुण्याच्या बाईच लावत्यात. किल्ली त्यांच्याजवळच असती."

"सकाळी पहिल्यांदा कुणी बघितलं?"

"बाईनंच. मग डायरेक्टर विठ्ठलराव आले, जमादार आला. जमादारानं रॉकेलाचा बोळा फिरवून बघितला. म्हनला, डांबर हाय, निघंल. पर जरासुदिक निघालं न्हाई."

"तेव्हा बाई कुठं होत्या?"

"हितंच. भिताडाला टेकून. कायबी बोलल्या न्हाईत."

तेवढ्यात पुण्याच्या त्या बाई, सुहासिनी बर्वे, आल्या. संग्रहालयाची सगळी मांडणी त्यांची होती. रंग उडालेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. चित्राबद्दल विचारल्यावर मात्र त्या भरभरून बोलल्या. राजे-देवांची चित्रं खंडीभर मिळतात; साध्या बायांचं पाणी भरणं कुणी इतक्या मायेनं रंगवलेलं विरळाच. चित्रकाराचं नावही ठाऊक नाही, पण तो इथं येऊन बसला असणार, हे त्या शपथेवर सांगायला तयार होत्या.

"भिमाबाईंनी दगड ओळखला, ते तुम्ही कुणाला सांगितलंत?"

बर्वेबाईंची नजर पाटीकडे गेली. "चेअरमनसाहेबांना. मला आनंद झाला होता. चित्रातली जागा सापडणं म्हणजे..."

इकडे गहिनीनाथचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. जमिनीपासून मुंग्यांची रांग चढून चित्राच्या चौकटीमागे जात होती. पाल-बिल मेली असेल, असं म्हणून त्यानं माठात टॉवेल बुडवला, पिळला आणि मुंग्या पुसायला हात वर केला.

"पाणी नको!" बर्वेबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की म्हाळू उठून उभा राहिला. "ओलं काही लावू नका त्याला! मागे व्हा!"

गहिनीनाथनं ओशाळून हात खाली घेतला. छबुबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की आपण मोठा घोळ घातला, असंच त्याला वाटलं.

*

विठ्ठलराव कारखान्याचे संचालक. छावणीत बाजेवर बसून गुरांची वैरण बघत होते. गडी पिंपातली मळी पाण्यात कालवून कडब्यावर शिंपडत होते.

"डबा मलाच सापडला," ते छाती काढून म्हणाले. "शाळेच्या मागं, बाभळीखाली. निम्मा रिकामा, आत ब्रश. रोजगार हमीच्या रस्त्यावरचं डांबर. अन् ह्यो आश्रुबा भरसभेत बोललाय. आनखी काय पुरावा पायजे?"

"शाळेमागं तुम्ही कशाला गेला होता?"

विठ्ठलरावांनी कडब्याची काडी दातात धरली. "सहज. फिरत फिरत."

अर्जुनराव चेअरमन बंगल्यावर भेटले. मऊ बोलणारा माणूस. त्या दिवशी संध्याकाळीच आपण बैठकीसाठी बीडला गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"आश्रुबा वाईट माणूस नाही हो. डोकं भडकलेलं आहे. पाण्याच्या मोर्च्यात पुढं असतो. आम्ही सांभाळूनच घेतलं असतं, पण चित्र म्हणजे सभासदांची ठेव. आता त्या डांबराचं काय करणार? ते काही निघत नाही. उद्या सुतार बोलावलाय. तेवढा कोपरा कापून चौकट लहान करतो. मंत्र्यांना कळणारही नाही."

"बर्वेबाईंना विचारलंत?"

"त्या पगारी आहेत," अर्जुनराव हसले.

जीपमध्ये बसताच गहिनीनाथ उसळला. "बाई, उघड हाय की! चेअरमननंच केलं. दगड दिसला तर विहीर जाती."

"चेअरमन बीडमध्ये होता."

"मग त्या विठ्ठलरावानं. डांबर त्याच्याकडं, डबा त्यालाच सापडला."

"गहिनीनाथ, तुमच्या हाताला कधी डांबर लागलंय?"

"लई वेळा. गाडीच्या धंद्यात हयात गेली."

"काढता कशानं?"

"रॉकेलनं. कापसासारखं निघतं." तो बोलून गेला आणि पुढच्या वळणापर्यंत गिअर बदलायचं विसरला.

ठाण्यात आश्रुबाला भेटू दिलं. भिंतीला धरून तो उभा राहिला आणि लगेच खाली बसला. पाय सुजून जमिनीला टेकत नव्हते.

"मी बोललो ते पाटीबद्दल," तो म्हणाला. "खोटं लिहिलंय म्हणून. चित्र मी नीट बघितलंसुद्धा नाही. आता मला सांगतात, कबुलीवर सही कर, सोडतो. खोट्यावर सही करायची असती तर शाळेत शिकवायला कशाला लागलो असतो?"

छबुबाई बाहेर आल्या. फौजदाराच्या टेबलावर हात टेकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी सुतार येण्याआधी डबा घेऊन संग्रहालयात या. आश्रुबालाही आणा. नाही आलात, तर त्याच्या पायांचे फोटो घेऊन मी औरंगाबादला, हायकोर्टात जाते."

*

सकाळी दालनात सगळे होते. फौजदार, दोन शिपायांच्या खांद्यावर आश्रुबा, अर्जुनराव, विठ्ठलराव, बर्वेबाई. दारापाशी भिमाबाई आणि वस्तीतल्या बाया. सुतार करवत घेऊन आला होता. त्याला म्हाळूनं ओट्यावर बसवलं.

"साहेब, डबा उघडा," छबुबाई म्हणाल्या.

त्यांनी काडीनं डब्यातलं डांबर घेऊन फरशीच्या तुकड्याला फासलं. रॉकेलात भिजवलेला बोळा फिरवला. डांबर विरघळून तपकिरी पाणी झालं.

"आता तुमच्या जमादारानं चित्रावर रॉकेल फिरवलं, तेव्हा काय झालं?"

"निघालं नाही," फौजदार म्हणाला.

"कारण ते डांबर नाही. या उकाड्यात डांबर ओघळलं असतं, हे ओघळलं नाही. डांबराला डांबराचा वास येतो. गहिनीनाथांना कारखान्याचा वास आला, आणि कारखाना दिवाळीपासून बंद आहे. त्या मुंग्या बघा. डांबराला मुंग्या लागतात का?"

दारातून भिमाबाईच म्हणाली, "मळी."

"मळी. साखर काढून उरलेला चिकट पाक. छावणीत पिंपं भरून आहे. तिच्यात काजळी घोटून पातळ थर दिला की वाळून झालं डांबरासारखं काळं. आता विचार करा. ज्यानं फासलं त्याला पक्कं ठाऊक होतं, हे डांबर नाही. ज्यानं शाळेमागं डांबराचा डबा ठेवला त्याला वाटलं, हे डांबरच आहे. म्हणजे माणसं दोन. आणि दुसऱ्याला पहिल्यानं खरं सांगितलेलं नाही."

विठ्ठलराव घाम पुसायला लागले.

"रागावलेला माणूस येतो तो पाटीवर फासतो, चित्रभर फासतो. हा हात पोराच्या अंगठ्याला वळसा घालून गेला. ब्रश धरायची सवय असलेला हात आहे, आणि चित्रावर जीव असलेला. खिडकी फोडलेली नाही. आतून कडी काढून उघडी ठेवली. संध्याकाळी कडी कोण लावतं, ते म्हाळूनं सांगितलंच." छबुबाई वळल्या. "बर्वेबाई, जमादार रॉकेल फिरवत होता तेव्हा तुम्ही गप्प उभ्या होता. मळीच्या थराखाली रॉकेल जात नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. गहिनीनाथ नुसता ओला टॉवेल घेऊन जवळ गेले, तर किंचाळलात. तैलचित्र सांभाळणारी बाई रॉकेलला भ्याली नाही, पाण्याला भ्याली. कारण पाण्यानं खरं बाहेर आलं असतं."

त्यांनी कापूस पाण्यात बुडवून पुढे केला. "पुसा. कसं पुसायचं ते तुम्हालाच ठाऊक आहे."

बर्वेबाईंनी कापूस घेतला आणि सरावाच्या हातानं चित्रावर हलकेच फिरवला. काळं कापसावर उतरू लागलं. आधी कमानीची कड दिसली, मग दगड. दगडावर उभी काठी, काठीच्या टोकाला घुंगरांचा झुबका, एक एक घुंगरू वेगळं रंगवलेलं. दारातल्या बायांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

"साहेबांनी सांगितलं होतं," बर्वेबाई चित्राकडेच बघत बोलल्या. "सकाळपर्यंत तो दगड दिसता कामा नये. डांबर फासा, नाहीतर मी परत आल्यावर स्वतः चित्र पेटवतो. मला वाटलं, धुता येईल असं काहीतरी लावावं. निदान चित्र वाचेल. डब्याचं मला माहीत नव्हतं. आश्रुबांना धरतील, हे मला..."

"बाई खोटं बोलतात," अर्जुनराव म्हणाले.

"मग तो कोपरा कापायची एवढी घाई का?" छबुबाईंनी विचारलं. "निघत नाही म्हणून? बर्वेबाईंना विचारलं असतंत तर कळलं असतं. पण ते निघू नये, हीच तुमची इच्छा. विठ्ठलराव, डबा कुणी ठेवायला सांगितला? नीट विचार करून बोला. खोटा पुरावा करणाऱ्याला तुरुंग आहे, आणि चेअरमनसाहेब त्या दिवशी बीडमध्ये होते. सापडणार तुम्ही एकटे."

विठ्ठलरावांनी अर्जुनरावांकडे बघितलं. अर्जुनराव छताकडे बघत होते. ते बघून विठ्ठलरावांचा चेहरा लाल झाला.

"मी एकटा कावून मरू?" ते गरजले. "जाताना तुमीच म्हनलाव, सकाळी चित्र काळं झाल्यालं असंल, डबा मास्तरच्या शाळंमागं टाक! मोर्चेबी बंद हुत्यात म्हनलाव!"

मग अर्जुनराव तुच्छतेनं म्हणाले, "एका चित्रावरून काय विहीर मिळते का?"

"ते कोर्ट ठरवील. मागे टेकडीवरचा पीर आहे, नदीचं वळण आहे. जागा ओळखायला आंधळ्यालाही जड जाणार नाही. पण एका चित्रावरून काही होत नसतं, तर तुम्ही एका मास्तरचे पाय फोडले नसतेत." छबुबाईंचा आवाज आता चढला. "पंपघरातला दगड तासला. इथला दगड कापायला सुतार आणला. माणसं तहानेनं तडफडतात आणि तुम्ही त्यांच्याच विहिरीचं चित्र लावून खाली आपल्या घराण्याचं नाव लिहिता. साहेब, पंचनामा करा. चित्र कोर्टात जाईल. आणि त्याला आत्ता सोडा, इथंच, सगळ्यांसमोर."

फौजदारानं मान खाली घालून कागद काढला.

बर्वेबाई भिमाबाईजवळ गेल्या. "आजी, मी दगड वाचवला. दुसरा इलाज नव्हता."

"दगड वाचवलास," भिमाबाई म्हणाली. "अन् माझ्या लेकाला मारत हुते तवा? तुजी जीभ बी काळी झाल्ती का? येक सबुद बोलली असतीस तर त्याच्या पायावर दुसरी काठी पडली नसती. चितार लई जपलंस. जित्या मानसाला कोन जपनार?"

गहिनीनाथनं आश्रुबाला पाठुंगळी घेतलं आणि जीपकडे निघाला. त्याला रडू येत होतं आणि रागही, आणि आधी काय येतंय ते कळत नव्हतं.

*

मंत्री आले नाहीत. बर्वेबाईंनी माजलगावच्या कोर्टात जबानी दिली, अगदी सगळी, स्वतःला न वाचवता. त्यांची नोकरी गेली. दाव्याचा निकाल लागायला पुढं वर्षं गेली. पण त्या उन्हाळ्यात न्यायाधीशांनी चित्र बघितलं, पंपघर बघितलं, आणि निकाल लागेपर्यंत विहीर वस्तीला खुली ठेवण्याचा हुकूम दिला. विठ्ठलरावांवर खटला भरला गेला. अर्जुनराव पुढची निवडणूकही जिंकले.

पुण्याला जाण्याआधी बर्वेबाई विहिरीवर आल्या. गहिनीनाथनंच त्यांना स्टँडवरून आणलं होतं. काठावर बाया पाणी ओढत होत्या, आश्रुबा काठी टेकवत पोरांना रांगेत उभं करत होता. बर्वेबाई भिमाबाईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. उन्हानं ओठ फुटले होते.

भिमाबाईनं दोर ओढला, घागर काठावर टेकवली, तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "पान्याला आमी कुनाला न्हाई म्हनत न्हाई. पर माफी मागू नगस. ती माज्याकडं न्हाई."